तोच टक्का की वेगळा?

वाचकांचे प्रश्न : संगणक-दुरुस्ती

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या पत्रांचा सूर एकच झालाय. ‘विंडोज टाकायला घेतली आणि मध्येच मशीन गचकलं.’ पत्रं लांबलचक असतात. संगणक कुणी घेऊन दिला, भाचा काय म्हणाला, दुकानदार किती उर्मट, सगळं असतं. नसतं ते एवढंच, की किती टक्क्यांवर गचकलं आणि पुन्हा केलं तेव्हा तिथेच गचकलं का? डॉक्टरांसमोर बसून ‘दुखतंय’ एवढंच सांगायचं आणि गप्प राहायचं, तसला प्रकार. म्हणून या वेळी ज्यांनी आकडे लिहिलेत त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. बाकीच्यांनी रुसू नये.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे आठव्या पिढीचा आय-थ्री असलेला डेस्कटॉप आहे. रॅम आधी ४ जीबी होती, नंतर ८ची आणखी एक पट्टी टाकून घेतली. विंडोज ११ टाकताना पहिल्यांदा ३७ टक्क्यांवर अडकला, दुसऱ्यांदा ५२वर, तिसऱ्यांदा १८वरच निळा पडदा. एकदा ‘आवश्यक फाइल्स इन्स्टॉल करता येत नाहीत’ असा संदेश आला, त्यात ८००७०५७० असा आकडा होता. दुकानदाराने ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून नवी एसएसडी बसवली. तरी तेच. आता तो मदरबोर्ड बदला म्हणतो. विंडोज १० याच मशीनवर चार वर्षं बिनतक्रार चालली. नवी विंडोजच खराब आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : गुरुजी, मदरबोर्ड बदलू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

३७, ५२, १८. तुम्ही तीन आकडे लिहिलेत आणि तिन्ही वेगळे आहेत, यातच निम्मं निदान झालं. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल नासलेली असती तर मशीन दर वेळी त्याच फाइलला येऊन अडखळलं असतं, म्हणजे जवळपास त्याच टक्क्याला. डिस्कचा एखादा भाग गेला असता तरी साधारण तसंच. फिरता टक्का दिसला की माझा हात आधी रॅमकडे, म्हणजे काम चालू असताना मजकूर तात्पुरता ठेवणाऱ्या पट्टीकडे, जातो.

विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये ‘इन्स्टॉल’ नावाची एक अवाढव्य फाइल असते. काही जीबींची, गच्च दाबून भरलेली, गादीच्या खोळीत कापूस कोंबावा तशी. इन्स्टॉलर त्यातला एकेक गठ्ठा काढतो, रॅममध्ये उलगडतो, मूळ मापाशी ताडून बघतो आणि मग डिस्कवर नेऊन ठेवतो. रॅममधल्या एका बिटाने शून्याचा एक केला, तरी माप जुळत नाही. मग इन्स्टॉलर फाइलवर खापर फोडून मोकळा. ८००७०५७०चा अर्थ तोच आहे : फाइल किंवा फोल्डर खराब आहे, वाचता येत नाही. फाइल बिचारी ठणठणीत असते, दोष चष्म्यात असतो.

मग विंडोज १० चार वर्षं कशी चालली? रोजच्या वापरात अशा चुका खपून जातात म्हणून. फोटोतला एक ठिपका हिरव्याचा पोपटी झाला तर कोण बघायला जातंय? कधी ब्राउझर आपोआप बंद पडला असेल, तुम्ही ‘नेट गेलं’ म्हणाला असाल. इन्स्टॉलर मात्र पतपेढीत ऑडिटर बसावा तसा एकेक पावती तपासतो.

माझं दुकान चिपळूणला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं, ते सोडा. पण पुढचे चार महिने माझ्याकडे जी मशीन आली, त्यातली बरीचशी बुडालेलीच नव्हती. माळ्यावर नेऊन वाचवलेली. लोक शपथेवर सांगायचे, ‘ताई, पाण्याचा थेंब लागला नाही.’ लागला नव्हताच. पण दारं बंद, भिंतींना ओल, वीज नाही. रॅमच्या सोनेरी दातांवर धुरकट पापुद्रा चढलेला असायचा, तिरकं धरलं की दिसायचा. सावंतवाडीचा पाऊस आमच्यापेक्षा काही मवाळ नाही.

तेव्हा असं करा. वायर भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, आत उरलेली वीज जाऊ दे. डबा उघडल्यावर आधी रंग न दिलेल्या पत्र्याला हात टेकवा. पट्टीच्या टोकाचे चिमटे बाहेर ढकलले की पट्टी थोडी वर येते, ती कडेला धरून उचला, दातांना बोट नको. टेबलावर वर्तमानपत्र अंथरा, पट्टी आडवी ठेवा आणि मऊ पांढरा खोडरबर दातांवरून एकाच दिशेने, बाहेरच्या बाजूला, चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा खरखरीत निळा भाग अजिबात नको. चुरा काळपट निघाला तर समजा, पापुद्रा होता. चुरा कोरड्या ब्रशने झटका. तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीबरोबर तुषार जातात आणि आपण ओल घालवायला बसलोय.

मग फक्त ८ची पट्टी लावा. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायची. अर्धवट बसलेल्या पट्ट्या मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत. इन्स्टॉल करून बघा. पुन्हा अडकलं तर ती काढून ४ची लावा. तीही अडली तर दुसऱ्या स्लॉटमध्ये. कोणत्या पट्टीला आणि कोणत्या स्लॉटला काय झालं ते कागदावर लिहीत जा. वर्गात हजेरी घेतलीत तशीच.

आणि रात्री झोपताना रॅम तपासणारं मेमटेस्ट८६प्लस लावून ठेवा. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून सुरू होतं, डिस्कला हात लावत नाही. आवृत्ती ६पासून ते यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या, मशीनवरही चालतं. सुरू झालं नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी पेनड्राइव्हला अडवणारा पहारा, तेवढ्यापुरतं बंद करा. सकाळी पडद्यावर एकही लाल ओळ दिसली तर रॅम नापास. ‘एवढ्या कोट्यवधी बिटांत एकच तर चूक आहे’ असं रॅमच्या बाबतीत म्हणायचं नसतं. प्रत्येक पट्टी एकटी असताना पास होते आणि दोन्ही मिळून नापास, असंही दिसेल. वेगळ्या मापाच्या, वेगळ्या बनावटीच्या पट्ट्यांचं नेहमीच पटतं असं नाही. मग एक निवडा.

एसएसडीचे पैसे वाया गेले म्हणून जिवाला लावून घेऊ नका. गरज नव्हती, पण मशीन वेगात सुरू व्हायला लागेल.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही रॅमला खोडरबर मारायला सांगितलंत. मी सर्किट बोर्डाच्या कामात आहे. दातांवरचा सोन्याचा मुलामा किती पातळ असतो याची आपल्याला कल्पना असावी. असले गावठी उपाय छापू नयेत.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कल्पना आहे आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो. दर महिन्याला घासत बसलं तर खालचं निकेल उघडं पडेल आणि मग खरंच पट्टी जाईल. दुकानात मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं फडकं वापरते. पण सावंतवाडीच्या गुरुजींना रविवारी संध्याकाळी ते कुठे मिळणार? खोडरबर घरात असतो. मऊ, पांढरा, वर्षातून एकदा, एवढी पथ्यं घालून मी माझा सल्ला कायम ठेवते. ‘गावठी’ शब्दाबद्दल मात्र तुमची माझी गाठ पडेल तेव्हा बोलू.

प्रश्न : मॅडम, मी आमच्या शेतकरी गटाचा हिशोब बघतो. ऑफिसात तीन डेस्कटॉप आहेत. आठवडी बाजारातून ३५० रुपयांना ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, त्यात विंडोज ११ भरली आणि एकेका मशीनला लावली. तिन्ही मशीन ६४ टक्क्यांवर बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा ६४. तिन्हींची रॅम एकदम जाईल का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : तिन्हींची रॅम जाणार नाही. तिन्ही मशीन चांगली आहेत. खोटा आहे तो तुमच्या खिशातला पेनड्राइव्ह.

३५० रुपयांत ५१२ जीबी कुणी देत नाही. हे पेनड्राइव्ह असे बनतात : आतली चिप असते चार-आठ जीबीची, पण तिच्या कंट्रोलरला ‘तू ५१२ आहेस’ असं पढवून ठेवलेलं असतं. संगणकाने विचारलं की तो ५१२ सांगतो. तुम्ही भरत जाता, तोही ‘हो, भरलं’ म्हणत जातो. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत, किंवा आधीच्या मजकुरावरच लिहिलं जातं. वाचायला गेल्यावर कळतं की तिथे काहीच नाही. सुरुवातीच्या लहान फाइल्स खऱ्या जागेत बसल्या म्हणून सेटअप सुरू तरी झाला, पडदा आला, भाषा विचारली. मोठी फाइल अर्धी आत, अर्धी हवेत. म्हणून तिन्ही मशीनवर तोच ६४.

खात्री करायची तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट साधन आहे. ते पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि परत वाचून खरी जागा सांगतं. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे. वेळ खातं, दुपारी लावून शेतावर जाऊन या. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा. आणि त्या पेनड्राइव्हवर गटाचा हिशोब ठेवला असेल तर तो आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, दुसरीकडे घ्या. विंडोज पुन्हा मिळेल, पावत्या मिळणार नाहीत.

नवा पेनड्राइव्ह बिलासकट घ्या, १६ जीबीचा पुरे. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच जागेवरून उतरवा आणि उतरल्यावर तिचं माप ताडा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग डॅश लावून हॅशफाइल, मग फाइलचं नाव, शेवटी एसएचए२५६ असं लिहिलं की चौसष्ट अक्षरांची माळ येते (तुमच्या चौसष्टशी हिचा संबंध नाही). ती डाउनलोडच्या पानावर दिलेल्या माळेशी जुळायला हवी. पहिली आणि शेवटची सहा अक्षरं जुळली की घरच्या कामाला पुरतं. फाइल हाताने कॉपी करू नका, रूफससारख्या साधनाने पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे मशीन त्याच्यावरून सुरू होईल असा, करा. हाताने कॉपी करणाऱ्यांचं घोडं फॅट३२ या पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीत एका फाइलला असलेल्या चार जीबीच्या मर्यादेत अडतं, तो वेगळाच रडका पाढा आहे. पेनड्राइव्ह लावताना डब्याच्या पुढच्या नव्हे, मागच्या यूएसबीत लावा. पुढच्याची वायर आतून फिरून येते आणि कधी कधी तीच ढिली असते.

प्रश्न : माझ्या मशीनला टक्क्याचं देणंघेणं नाही. नऊ वर्षांचा डेस्कटॉप आहे. इन्स्टॉल सुरू केलं की साधारण आठ मिनिटांनी फट्‌कन बंद. ना संदेश, ना निळा पडदा, थेट अंधार. लगेच परत चालू केलं तर दोन मिनिटांत बंद. जेवून आल्यावर केलं तर पुन्हा आठ मिनिटं.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वा! सगळी पत्रं अशी आली तर मी हे सदर अर्ध्या पानात संपवीन. तुम्ही टक्क्याऐवजी मिनिटं मोजलीत आणि तीच मोजायची होती. थंड असताना आठ मिनिटं, गरम असताना दोन. मशीन तापतंय.

गठ्ठे उलगडायच्या कामाला प्रोसेसर सगळी ताकद लावतो. एरवी पत्र टाइप करताना तो डुलक्या घेत असतो, म्हणून एवढे दिवस कळलं नाही. शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी तो स्वतःला हळू करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला थेट वीज तोडतो. संदेश लिहायला वेळ कुठला?

बायोसमध्ये जाऊन हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. काही काम नसताना तापमान ३५ ते ५० असलं तर ठीक, सोलापूरच्या उन्हाळ्यात थोडं जास्त. ८०कडे चढायला लागलं तर बंद करून डबा उघडा. बहुतेक इंटेलच्या मूळ पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक बाहेर आलेली असेल. एक कोपरा उचलला गेला की पंखा जोरात फिरतो पण प्रोसेसरला टेकत नाही. पंखा फिरतोय म्हणजे गारवा पोचतोय, असं नसतं. खाली बघाल तर प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट सुकून पान खाणाऱ्याच्या डबीतल्या चुन्यासारखी झालेली असेल. ती अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, नवी हरभऱ्याच्या डाळीएवढी मधोमध ठेवा, पसरवत बसू नका, आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. एकाच बाजूच्या दोन आधी दाबल्यात की दुसरी बाजू उचललीच म्हणून समजा.

तापमान ठीक निघालं तर संशयित एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. मशीन काम करत असताना मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमधला दाब मोजा, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो.

आणखी एक. नऊ वर्षांचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नसेल, ती यादी इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. तेव्हा एवढा खटाटोप विंडोज १० परत टाकायला करणार असाल तर आधी शेवटचं पत्र वाचा.

प्रश्न : इन्स्टॉल शंभर टक्के होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि परत पहिल्यापासून ‘भाषा निवडा’. चार वेळा झालं. नातू म्हणतो मदरबोर्ड गेला.
— एक आजोबा, वर्धा

उत्तर : आजोबा, काही गेलेलं नाही. शंभर टक्के झाल्यावर मशीन रीस्टार्ट होतं तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या. बूट क्रमात तो पहिला आहे, म्हणून मशीन दर वेळी डिस्ककडे जायच्या आधी त्याच्याकडेच जातं आणि नव्याने मुहूर्त करतं. नातवाला माझा निरोप द्या : मदरबोर्ड हा शब्द दिवसातून एकदाच वापरावा.

प्रश्न : नवीन लॅपटॉप, विंडोज नसलेला घेतला. इन्स्टॉल करताना डिस्क निवडायच्या पानावर यादीच रिकामी. ‘ड्राइव्ह सापडले नाहीत, ड्रायव्हर द्या’ म्हणतो. एसएसडी बायोसमध्ये दिसते. दुकानदार एसएसडी बदलून देतो म्हणाला, बदलली, तरी रिकामीच.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बायोसमध्ये दिसते म्हणजे एसएसडी जिवंत आहे. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कच्या पुढ्यात व्हीएमडी नावाचा दारवान बसवलेला असतो. विंडोजच्या इन्स्टॉलरची त्याच्याशी ओळख असतेच असं नाही. त्याला दारवान दिसतो, मागचं घर दिसत नाही.

दोन वाटा आहेत. पहिली : लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून आयआरएसटी म्हणजे रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवा, आणि त्या रिकाम्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. यादी लगेच भरते. दुसरी : बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. कोऱ्या लॅपटॉपवर हे चालतं. पण ज्याच्यावर आधीच विंडोज आहे अशा मित्राच्या लॅपटॉपवर हाच प्रयोग करायला जाऊ नका. त्याची विंडोज सुरू होताना बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळी-काळी पडेल आणि तुमची मैत्रीही.

प्रश्न : २०२३ मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप, आय-सेव्हन १३७००के. विंडोज पुन्हा टाकताना दर वेळी वेगळ्या टक्क्याला अडकतो. तुमचा मागचा रॅमचा सल्ला पाळला : मेमटेस्ट रात्रभर, एकही लाल ओळ नाही. पेनड्राइव्ह बदलला. एसएसडी बदलली. अलीकडे गेम खेळताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असंही येतं, कार्ड १२ जीबीचं असताना.
— एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : फिरता टक्का आणि रॅम निर्दोष. मग गठ्ठे उलगडणारा उरतो कोण? स्वतः प्रोसेसर. एरवी मी प्रोसेसरवर शेवटी येते, कारण तो सहसा जात नाही. पण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं वेगळं आहे. त्यातल्या ६५ वॅट आणि वरच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होऊ शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केलं. ऑगस्टमध्ये १२९ आणि सप्टेंबरमध्ये १२बी या क्रमांकाचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, काढले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. कार्डात जागा असताना व्हिडिओ मेमरीची बोंब, आणि दाबलेल्या फाइल्स उलगडताना चुका, ही त्या दुखण्याची ठरलेली लक्षणं. तुमचं तेच आहे असं मी इथे बसून शपथेवर सांगत नाही, पण पडताळून बघण्यासारखं नक्की आहे.

आधी मदरबोर्डाचा ताजा बायोस टाका आणि इंटेलच्या मूळ सेटिंगवर या. तरीही अडकलं तर बायोसमध्ये मोठ्या कोअरचा गुणक ५०वर, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झवर आणा आणि इन्स्टॉल करा. वेग उतरवल्यावर तेच इन्स्टॉल सुरळीत पार पडलं तर संशय बराच पक्का झाला. नवा मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे अशा वेळी वेग उतरवून दिवस काढण्यापेक्षा वॉरंटीत बदलून मागा. खोक्यातला घेतला असेल तर बिल शोधा, सुटा असेल तर ज्याने जोडून दिला त्याच्याशी बोला.

तुम्ही जाणकार दिसता म्हणून एक जास्तीचं : सेटअप अडकल्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते. तिथे नोटपॅड असं लिहून नोटपॅड उघडा आणि एक्स ड्राइव्हमधल्या विंडोजच्या पँथर फोल्डरात सेटअपएरर नावाचा लॉग बघा. इन्स्टॉलर पडद्यावर जेवढं बोलतो त्याच्या दसपट तिथे लिहून ठेवतो. पुढच्या पत्रात त्यातल्या शेवटच्या पाच ओळी उतरवून पाठवा.

प्रश्न : आमच्या शाळेला एका कचेरीतून वापरून झालेले १४ संगणक मिळाले. विंडोज ११ चालत नाही म्हणून लिनक्स मिंट टाकतोय. नऊ नीट झाले. पाच संगणकांवर मिंटचं चिन्ह येतं आणि मग काळा पडदा, पंखा चालू. पेनड्राइव्ह तोच आहे.
— एक शिक्षक, जव्हार, जि. पालघर

उत्तर : नवांवर तोच पेनड्राइव्ह चालला, तेव्हा त्याच्यावर संशय नको. त्या पाच डब्यांची मागची बाजू बघा. मॉनिटरची वायर लावायला दोन ठिकाणं दिसतील : एक वर, कीबोर्डच्या शेजारी, आणि एक खाली आडव्या पट्टीत. खाली आहे ते वेगळं ग्राफिक्स कार्ड. लिनक्स सुरू होताना पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतं आणि काही कार्डं तेवढ्यात डोळे मिटतात. मशीन आत चालू असतं, फक्त दाखवत नाही.

सुरुवातीच्या यादीत ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ अशी ओळ असते, ती निवडा. ती नसेल किंवा चालली नाही तर पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा, ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द खोडून तिथे ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१०. म्हणजे पडद्याचा ताबा घेऊ नको, साधं चित्र दाखव. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना हेच परत करावं लागेल. मग मेन्यूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डाचा ड्रायव्हर टाकला की झालं, तेवढ्यापुरतं इंटरनेट हवं.

आता खरं सांगू का? वरच्या जागेला व्हीजीए (जुन्या मॉनिटरची निळी जोडणी) असेल तर मी पाचही कार्डं काढून टाकीन आणि वायर वर लावीन. मराठी टंकलेखन आणि गणिताचे खेळ यांना वेगळं कार्ड लागत नाही, वीजही वाचेल, आणि जव्हारला वीज किती वेळ असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मशीन बंद करून, वायर काढून, एक स्क्रू सोडवायचा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबायची, कार्ड सरळ वर उचलायचं. चार संगणक मुलांसमोर करा, पाचवा त्यांना करू द्या. काढलेली कार्डं भंगारात देऊ नका. पंखा सोडवून आतली चिप बघायला सातवीच्या वर्गात भांडणं लागतील.